तीन कोटेशनं, एक टीव्ही

३ नोव्हेंबर, सोमवार. हळ्ळीखेड (बी)

आज घरात मोठी बातमी आली आणि मला ती सगळ्यात शेवटी कळली. बंगळूरच्या एका कन्नड वाहिनीची माणसं चंद्रम्माचं चित्रण करायला येणार आहेत. चंद्रम्मा म्हणजे आमची मंडळी. तिच्या ज्वारीच्या कडक रोटीला हुमनाबादपासून कलबुर्गीपर्यंत मागणी आहे. आता वेळामावस्येच्या, म्हणजे शेतात जेवायच्या सणाच्या, निमित्ताने ती रोटी, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील सगळं करून दाखवणार आणि कॅमेऱ्यासमोर बोलणारही. कार्यक्रम लागणार अठरा डिसेंबरला संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे अमावस्येच्या आदल्या दिवशी. समोरच्या राजूबाईला हे कालच ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर ही म्हणाली, "दोनदा सांगितलं की!" आणि आत निघून गेली.

साखर कारखान्यात होतो तेव्हा वार्षिक सभेत मी तीन वेळा बोललो. तिन्ही वेळा ही पहिल्या रांगेत बसली होती. आता तिची पाळी आहे, आणि तिचा एक शब्दसुद्धा माझ्या हातून निसटता कामा नये. अडचण आमच्या टीव्हीची आहे. आवाज एकोणसाठवर ठेवला तरी बातम्यावाला तोंडात घास धरून बोलल्यासारखा बोलतो. आज मी एकोणसत्तर केला तर राजूबाईने खिडकी लावून घेतली. थंडी पडायला लागली आहे.

तेवढ्यात ही बाहेर आली. निंबर्ग्याच्या कन्नड घरातली लेक, रागावली की मराठी सोडून कन्नडात जाते. हातवारे करत म्हणाली, "निमगं टीव्ही केळसंगिल्ल!" म्हणजे तुम्हाला टीव्ही ऐकू येत नाही. अगदी खरं बोलली. अठरा डिसेंबरच्या आत नवा टीव्ही आणायचा, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

साखर कारखान्याच्या खरेदी विभागात मी एकतीस वर्षं काढली. बॉयलरच्या नळ्यांपासून टाचण्यांपर्यंत काहीही तीन कोटेशनं घेतल्याशिवाय फाटकातून आत येऊ दिलं नाही. लोक पाठीमागे मला 'तीन कोटेशन अमृतप्पा' म्हणायचे. काही जण तोंडावरही म्हणायचे.

माझे नियम साधे आहेत. गरज आधी कागदावर लिहायची, कारण दुकानात शिरलं की दुकानदार त्याच्याकडे पडून असलेल्या मालाची गरज आपल्या गळ्यात बांधतो. वस्तू जिथे वापरायची तिथल्यासारख्या परिस्थितीत तपासून घ्यायची. बिघडली तर दुरुस्त करणारा किती कोसांवर आहे, ते आधी विचारायचं. आज नवी वही काढून तक्ता आखला. पहिला रकाना नेहमीचाच, मागणी कोणाची आणि कशासाठी. लिहिलं: मागणी चंद्रम्माची, टीव्ही ऐकू येत नाही म्हणून.

खोलीही मोजली. आरामखुर्चीपासून टीव्हीपर्यंत साडेनऊ फूट. त्या हिशोबाने त्रेचाळीस इंच पुष्कळ झाला. पंचावन्न इंची घेऊन भिंत झाकणाऱ्यांचं मला हसू येतं. आवाजाच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. माझा स्वतःचा कान तिखट आहे. गाळपाच्या हंगामात मिलजवळ उभं राहून कुठलं बेअरिंग जाणार ते मी सांगायचो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ही पुन्हा कन्नडातच म्हणाली, "एरडू टीव्ही डॉक्टरगं तोरसरी." दोन्ही टीव्ही डॉक्टरला दाखवा. सूचना रास्त आहे. नवीन घेण्याआधी जुनं दुरुस्त होतंय का बघावं, हा तर माझाच नियम. बसस्टँडजवळ ईरण्णाचं दुकान आहे, त्याच्या पाटीवरच 'टीव्ही डॉक्टर' लिहिलंय. दोन्ही म्हणजे काय ते मात्र उमगेना. मग आठवलं, माळ्यावर जुना डबा टीव्ही पडलाय. तो उतरवताना माझी कंबर धरली. दोन्ही टीव्ही ऑटोत घालून नेले. ही दारात उभी राहून कपाळावर हात मारत होती. ऑटोला उगीच पैसे, असं वाटलं असेल.

ईरण्णाने डबा टीव्ही बघून हात जोडले. दुसरा लावून म्हणाला, "अण्णा, आवाज फस्टक्लास हाय!" मी म्हटलं, ऐकू कुठे येतंय? त्याने पुन्हा लावला, मग माझ्याकडे बघून स्वतःच्या कानाकडे बोट करून काहीतरी बोलत राहिला. बिचाऱ्याचा कान दुखत असावा. कोमट तेल घाल म्हणून सांगितलं आणि दोन्ही टीव्ही घरी आणले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुपारी फिरून आलो तर माझी खाट ओसरीत, आणि माझ्या वाचायच्या खोलीत रोट्यांच्या चळती आणि दोन नवे तवे. मी म्हटलं, हे कधी ठरलं? ही म्हणाली, "तुमालाच इचारलं. व्हय म्हणालाव की!"

मला आठवत नाही. गेल्या महिन्यात श्रीपतराव असाच माझी स्कूटर घेऊन गेला. बालपणापासूनचा मित्र, शेती एकमेकांना लागून, म्हणून बोललो नाही. तोही म्हणतो, "तूच व्हय म्हणलास." स्मरणशक्ती कमी होते आहे बहुतेक. उद्यापासून बदाम खावेत.

एक गोष्ट इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? ही अलीकडे माझ्याशी फार बोलत नाही. जेवायला चला, गोळी घ्या, दार लावा, एवढंच. पूर्वी भाकरी थापता थापता सगळ्या गावाचं सांगायची. माझं काय चुकलं ते कळत नाही, आणि विचारलं तर ती जे सांगते ते इतकं हळू सांगते की मी मान हलवून मोकळा होतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वाहिनीवाले आले. अंगणात दिवे, छत्र्या, तारा. चंद्रम्मा हिरव्या इरकलीत अशी काही दिसत होती की मी दोनदा आत जाऊन सदरा बदलून आलो. मलाही एक प्रश्न विचारला. त्या निवेदिका बाई जिभेवर साखर ठेवून बोलतात, त्यामुळे शब्द विरघळतात. रोज किती रोट्या खाता, असं विचारलं असावं. मी म्हटलं, "चार. पाहुणे असले तर पाच." सगळे पोट धरून हसले. नंतर सुनीलकुमार जावयांनी, हिच्याकडून ऐकून, फोनवर मोठ्याने सांगितलं की त्यांनी मुलं किती म्हणून विचारलं होतं. आम्हाला एकच लेक, सुधारानी. हिला अव्वा म्हणणारं दुसरं कोणी नाही.

मग चंद्रम्मा बोलली. थापता थापता वीस मिनिटं बोलली. मी दहा फुटांवर होतो. तव्याचा आवाज येत होता, थापण्याचा येत होता, तिचा नव्हता. मधेच ती हसली. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर असेल. पण कॅमेरेवाला माणूसही माझ्याकडे बघायला लागला.

काय म्हणाली, ते विचारायचं धाडस झालं नाही. टीव्हीवर लागेल तेव्हा नीट ऐकेन. टीव्ही मात्र आता चांगलाच हवा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

श्रीपतराव म्हणाला होता, "दुकान दाखवून घे एकदा, अमृतप्पा," म्हणून त्यालाच घेऊन हुमनाबादच्या दुकानांत गेलो. माझ्याच स्कूटरवर मागे बसून गेलो, हेही नोंदवतो. त्याचा आवाज ढोलासारखा आहे, पण हल्ली तोही शब्द खातो.

दुकानात सगळे टीव्ही डोळे दिपतील इतके भडक लावून ठेवतात. घरी तो रंग तसा दिसत नाही. मी विक्रेत्याला म्हटलं, घरच्यासारखा लाव, निसर्गाची चित्रं काढ आणि बातम्या लाव. खोक्यावरचा बनावटीचा महिना बघितला, दोन वर्षांपूर्वीचा माल होता. दुरुस्तीचं केंद्र कुठे विचारलं तर म्हणाला, फोन करायचा, ते येतात. कुठून येतात ते सांगेना. मग वाढीव वॉरंटी, भिंतीवरचा स्टँड, आवाजाची लांब पट्टी, एकेक वस्तू पुढे सरकवायला लागला. मी म्हटलं, आधी ह्याच्या पोटात किती आवाज आहे ते दाखव.

तीन टीव्ही लावून ऐकले. तिघांचे बातम्यावाले एकाच खाणावळीत जेवलेले. शेवटी मी आवाज पंचाण्णववर न्यायला लावला. तेव्हा कुठे बरं वाटलं. तोवर दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर गेली होती आणि श्रीपतराव रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभा होता. माझ्या तक्त्यात तिघांनाही आवाजाच्या रकान्यात शून्य.

परत येताना तो स्कूटर थांबवून ओरडला, "दुकान न्हाई! दुकान न्हाई!" आणि कपाळ बडवलं. मी म्हटलं, बरोबर आहे, एकही दुकान धड नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ऑनलाइनही बघितलं. एका टीव्हीवर लिहिलं होतं, 'फक्त दोन शिल्लक, घाई करा', आणि खाली घड्याळ उलटं पळत होतं. बुधवारी दोन शिल्लक होते. गुरुवारी दोन. आजही दोनच. कारखान्यात असा एक भंगारवाला होता, त्याचं शेवटचं गिऱ्हाईक रोज यायचं. लोकांचे अभिप्राय वाचले. पाच तारे देणाऱ्यांनी वस्तू कालच घेतलेली असते, म्हणून मी तीन तारेवाले वाचतो. ते खरं सांगतात. एकाने लिहिलंय, चित्र झकास, सहा महिन्यांत आवाज गेला.

सव्वीस दिवस उरले आणि माझ्याकडे एकही धड कोटेशन नाही. असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं. संध्याकाळी कलबुर्गीहून सुधारानीचा फोन आला. नेटवर्क खराब असलं तरी एवढं कळलं: "अप्पा, मंगळवारी या. टीव्ही तोरस्कोंड बरोण." दाखवून आणू म्हणते. आता टीव्ही कलबुर्गीला कोण नेणार? मी फक्त वही घेऊन जाणार आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. कलबुर्गी, सुधारानीच्या घरी

आज जे घडलं ते जसं घडलं तसं लिहितो.

सुधारानीने स्टेशनवरून थेट एका इमारतीत नेलं. शोरूम म्हणून चांगलं वाटलं. स्वच्छ फरशी, चपला बाहेर, बसायला खुर्च्या, टोकन. टीव्ही एकच होता आणि तोही बंद. गिऱ्हाइकं सगळी वयस्क, एकाच्या कानात कापूस. मी वही उघडून प्रश्न नीट लावून घेतले. मग सहज समोरच्या पाटीकडे नजर गेली. कन्नडात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: किवि, मूगु, गंटलु.

कान, नाक, घसा.

किवि. मी ती पाटी चार वेळा वाचली. आमच्या घरात कन्नड माझ्या लग्नापासून आहे, किवि म्हणजे कान हे मला चांगलं माहीत आहे. टीव्ही नव्हे, किवि. निमगं किवि केळसंगिल्ल. एरडू किवि डॉक्टरगं तोरसरी. दोन्ही कान डॉक्टरला दाखवा. आणि मी माळ्यावरून डबा टीव्ही उतरवला. श्रीपतराव 'कान दाखवून घे' म्हणत होता आणि मी त्याला दुकानं दाखवत फिरलो.

सुधारानीकडे वळून विचारलं, "केव्हापासून म्हणायलात हे?"

ती माझ्यासमोर येऊन, तोंडाकडे बघत, सावकाश म्हणाली, "दोन वर्सं झाली, अप्पा."

मला उठून निघून जावंसं वाटलं. उठलोही. पण चपला सापडेनात. त्या शोधेपर्यंत माझं टोकन आलं.

काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोनचा टोप घातला, ऐकू आलं की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो होतो आणि मला वाटलं, अजून सुरूच झालं नाही. बाहेरून मॅडम बोटांनी दाखवत होत्या की सुरू आहे. मल्लेश्वरी त्यांचं नाव, सुधारानीपेक्षा लहान असतील. नंतर आलेख काढून समोर ठेवला. डावीकडे रेघ बरी, उजवीकडे जाता जाता घरंगळलेली. जाड आवाज राहतात, बारीक जातात, असं त्यांनी लिहून आणि बोलून सांगितलं. स, त, क, ट ही अक्षरं जातात. बायकांचे आवाज आधी जातात. मिलजवळ वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांचं असंच होतं.

"क आन ट तुमाला सारखेच, काका," त्या म्हणाल्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल परत आलो. दिवसभर जुना तक्ता उघडून बसलो होतो. कानाची तक्रार नाही, ती वयाबरोबर येते. पण ज्याने तीन दशकं दुसऱ्यांच्या मागणीपत्रावर 'गरज स्पष्ट करा' असा लाल शेरा मारला, त्याने स्वतःच्या घरातली मागणी न वाचता तक्ता आखला. लाज वाटते. हिला बोलणं सोडावं लागलं, ते माझ्यामुळे. मी समजत होतो रुसली आहे.

आज सकाळी चहा घेताना तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. टीव्ही-किविचा घोळ ऐकून ती आधी बघतच राहिली. मग मोठ्याने, माझ्या तोंडाशी येऊन म्हणाली, "म्या किवि म्हणलं तर तुम्ही म्हणालाव, तीन कोटेशनं घेतो! मला वाटलं, ह्या माणसाला कानाचीबी कोटेशनं लागतेत!" आणि हसायला लागली. इतकी हसली की परात उपडी झाली. मीही हसलो. राजूबाईने खिडकी उघडून बघितलं.

ईरण्णाकडे जाऊन माफी मागितली. त्याच्या कानाला काहीच झालं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

जुना तक्ता फाडला नाही, आडवी रेघ मारून रद्द केला. नवीन आखला. मागणी कोणाची: माझी. कशासाठी: चंद्रम्माचं बोलणं ऐकू यावं म्हणून. बाकी सगळं ह्याच्या खाली.

कानाचीही तीन कोटेशनं घेतली, का नाही घ्यायची? पहिल्या दुकानातला म्हणाला, अगदी कानात लपतं, कोणाला कळणारही नाही. मी म्हटलं, कळलं पाहिजे बाबा, म्हणजे लोक समोर येऊन बोलतील. शिवाय इतकी बारीक वस्तू माझ्या बोटांत बसायची नाही. दुसरा म्हणाला, ह्याच्यात चोवीस चॅनेल आहेत. चॅनेल टीव्हीला पुष्कळ झाले. हे चोवीस माझ्या कानातल्या कोणत्या खड्ड्यात जाणार, असा आलेख पुढे करून विचारलं तर त्याने फोन काढला. तिसऱ्या म्हणजे त्या मल्लेश्वरी मॅडम. त्यांनी आलेखाची प्रत न मागता दिली होती. एका आठवड्यासाठी घरी नेऊन वापरून बघा, म्हणाल्या, आणि एक शनिवार सोडून त्या हुमनाबादला येतात. दुरुस्त करणारं माणूस नऊ कोसांच्या आत.

एकच अट घातली. तपासणीचे शब्द नुसते कन्नडातले नकोत. आमच्या घरात भांडण कन्नडात, गप्पा मराठीत आणि बाजार दखनी उर्दूत चालतो. मशीनला तिन्ही जमलं पाहिजे. मॅडमनी खुर्चीला टेकून मनसोक्त हसून घेतलं आणि मग खरंच तिन्हींत तपासलं. दखनीत मला सगळ्यात जास्त गुण पडले, कारण बाजारातला माणूस ओरडूनच बोलतो.

३ डिसेंबर, बुधवार

कानामागे बसणारी दोन मशिनं लावून काल घरी आलो. मला आनंद झालेला नाही.

सगळं जग पत्र्याच्या डब्यात घातल्यासारखं वाजतंय. प्लॅस्टिकची पिशवी हाताळली की कानात वणवा पेटतो. माझं स्वतःचं चावणं मला ऐकू येतं, रोटी तर नकोच. आतल्या खोलीत हिने रोट्या थापायला लावलेल्या दोघीजणी म्हणजे दोन नगारे. चंद्रम्मा बोलली तर तिचा आवाज कोणा परक्या बाईचा. खरं लिहायचं तर घाबरलो. दोन वर्षं मी जो आवाज डोक्यात धरून होतो तो असा नव्हता.

मॅडमना फोन केला. फोनवरचं बोलणं अख्खं ऐकू आलं, त्याचं श्रेय देतो. "काका, मशीन नवं न्हाई, तुमचं डोकं ह्या आवाजाला नवं हाय. दोन आठवडे रोज घाला, कमीजास्त मी करते." माझ्याकडे पंधरा दिवस आहेत. कार्यक्रमाला बरोबर तेवढेच उरलेत.

६ डिसेंबर, शनिवार

हुमनाबादला जाऊन मशीन जुळवून घेतलं. मी वहीत लिहून नेलं होतं: कुठे त्रास होतो, कुठे कमी पडतं, किती वाजता. मॅडम म्हणाल्या, सगळे पेशंट असे आले तर माझं अर्धं काम होईल. रोट्यांच्या खोलीतली वाफ मशीनला चालणार नाही, म्हणून सुकवायची डबी दिली. पिशव्यांचा आवाज आता सोसण्याइतका झाला.

परत येताना श्रीपतरावाने मला हाक मारून विचारलं, स्कूटरचे कागद कधी नावावर करायलास? मी म्हटलं, आता ऐकू येतं मला, परत विचार. त्याने विचारलं नाही. चहा मात्र त्यानेच पाजला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज सकाळी चंद्रम्मा पाठमोरी बसून काहीतरी पुटपुटत होती. मी ओसरीतून म्हटलं, "मीठ कमी नाही, बरोबर आहे." ती वळून बघायला लागली, चोरी पकडल्यासारखी. तिचा आवाज आता परका वाटत नाही. थोडा जाड झालाय, वय झालं तिचंही. मधे कधी झालं ते मला कळलं नाही.

टीव्हीचा आवाज अठरावर आणला. नव्या टीव्हीची गरज नाही. वहीत तसं लिहून सही केली.

१८ डिसेंबर, गुरुवार

पाचपासून सगळे जमले. सुधारानी सकाळीच आली होती. राजूबाई, श्रीपतराव, आणि टीव्ही ऐन वेळी बंद पडला तर असावं म्हणून ईरण्णा. त्याने पेचकस खिशात आणला होता. चंद्रम्माने तीच हिरवी इरकल नेसली. मी बॅटऱ्या नव्या घातल्या.

कार्यक्रम लागला. निवेदिका बोलली, तो शब्द न् शब्द कळला. गाणं झालं, तेही कळलं. मग आमचं अंगण आलं. सगळे ओरडले. चंद्रम्माचे हात दिसले, गोल फिरणारी रोटी, तवा. मग तिचा चेहरा. ओठ हलत होते आणि आवाज मात्र निवेदिकेचा: 'सीमाभागातल्या महिला आजही परंपरा जपतात.' त्यावर बासरी. मी उजव्या मशीनचं बटण दाबलं, डावं दाबलं. सुधारानीने माझा हात धरला.

"मशीनचं न्हाई अप्पा. त्यांनी अव्वाचा आवाजच घेतला न्हाई."

चाळीस सेकंद. पुढे दावणगेरेचा डोसा सुरू झाला.

 ईरण्णा टीव्हीच्या मागे जाऊन तारा बघून आला, बिचारा. चंद्रम्मा उठली, म्हणाली, "दिसले तरी, बरं झालं. उद्याची भज्जी निवडायची हाय," आणि आत गेली. एरवी मी इथेच बसून राहिलो असतो, ती रुसली असं समजून. मी पाट घेतला आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही एक मूठ घेतली.

"त्या दिवशी काय म्हणालीस?"

"कुणाला?"

"त्या बाईला. वीस मिनिटं बोललीस. मी सव्वा महिना थांबलोय."

"जाऊ द्या."

"माझ्याकडे बघून काय म्हणालीस?"

तिने शेंगेतून मान वर केली नाही. म्हणाली, "त्यांनी इचारलं, रोज इतक्या रोट्या थापता, कंटाळा येत न्हाई का. म्या म्हणलं, न्हाई. मी रोट्यांसंगं बोलत ऱ्हाते. घरात बोललं तर माणूस नुसतं व्हय म्हणतंय. रोटी फुगते तरी."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. लपवले नाहीत, बाजूला बघितलं नाही. तिने ओल्या हाताने माझं मशीन नीट बसवलं, ते वाकडं झालं होतं.

"काय बोलायचीस रोट्यांशी?" मी विचारलं.

"दोन वर्सांचं हाय. आता कुठनं सांगू?"

"पहिल्यापासून."

ती दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून सुरू झाली. राजूबाईच्या सुनेचं काय झालं, निंबर्ग्याला भावाने विहीर कुठे पाडली आणि पाणी कुठे लागलं, माझ्या कंबरेसाठी तिने कोणाला काय विचारलं, आणि खोली मागताना मी 'व्हय' म्हटलं तेव्हा माझा चेहरा बघून तिला कसं कळलं की मी काही ऐकलेलं नाही, पण खोली तर हवी होती. मी दोनदा मधे बोललो. एकदा तिचं चुकलं होतं, विहिरीचं. तिने ऐकून घेतलं नाही. सुधारानी दारात येऊन थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. शेंगा संपल्या, हरभरा घेतला, तोही संपत आला. तेवढ्यात मी चार ओळी लिहून ठेवाव्यात म्हणून ओसरीत आलो.

आतून हिची कन्नड 'अहो'ची हाक आली. "री, कुठं गेलाव? पंचमीचं सांगायचं राहिलं की!"

मधे भिंत आहे, मी पाठमोरा बसलोय, आणि पहिल्याच हाकेला ऐकू आलं. जातो.